खालची ओळ वाचल्याशिवाय उठायचं नाही

"तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही!" हे वाक्य हल्ली लोक कौतुकानं म्हणतात. अपडेट होईल, कळणारसुद्धा नाही. माहिती सुरक्षित होईल, कळणारसुद्धा नाही. परवा आमच्या कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एका पोरानं नव्या सॉफ्टवेअरबद्दल हेच सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि इकडे नागभीडला घरी लॅपटॉपसमोर बसलेल्या माझं डोकं सणकलं. माइक बंद होता म्हणून नोकरी वाचली. मी जे बोललो ते कुंदाबाईंच्या तोंडचं होतं आणि इथे छापण्यासारखं नाही.

कुंदाबाई आमच्या गावच्या महिला समुपदेशन केंद्रात होत्या. केंद्र कसलं, रेल्वे फाटकाच्या रस्त्यावर दोन खोल्या, एक पंखा आणि बाहेर एक बाक. चालवणारी संस्था नागपूरची. नवऱ्याचा मार, सासरचा जाच आणि सख्ख्या आईलाही सांगता येत नाहीत अशा गोष्टी सांगायला आजूबाजूच्या धानाच्या गावांतून बायका तिथे येत. कुंदाबाई ऐकून घेत, जबानी टाइप करत आणि वकिलीणबाईंकडे पोचवत. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, आणि गुडघे गेल्यामुळे सुती साडीखाली पोरांचे असतात तसले स्पोर्ट्स शूज. आवाज खणखणीत. फाटक बंद असलं की अलीकडे थांबलेल्या स्कूटरवाल्यांना केंद्रात कुणाची खरडपट्टी निघते आहे ते जागच्या जागी कळे.

त्यांची एक सवय होती, जिचा सुरुवातीला मला फार वैताग यायचा. त्या जे करत ते तोंडानं सांगत. "मी खुर्ची पुढं ओढून राह्यली." "आता पानी आनतो, बसून राहा." "दार लोटतो, कडी नाई लावत." (आमच्याकडं बायकाही 'मी करतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) कडी लावायचा प्रश्नच नव्हता, कारण आतली कडी त्यांनी स्वतः पेचकसानं काढून फेकून दिली होती. संस्थेच्या एका साहेबांनी ते बघून सुरक्षेचा मुद्दा काढला, तर म्हणाल्या, "बंद खोलीत जिच्यासंगं वाईट झालं, तिच्या मांगं कडी वाजवाची नसते साहेब. तुमाले कडी पायजे तर बाहेरून लावतो, तुमी आत बसा."

ग्रामीण रुग्णालयात तपासणीला त्या एकदा एका मुलीला घेऊन गेल्या. पडद्याआड डॉक्टरांनी त्या पोरीला न सांगताच हात लावला, ती किंचाळली, आणि डॉक्टर तिच्यावरच ओरडले. मग जे झालं ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. "तिले सांगाले जीभ झिजते काय तुमची? आता हात लावतो, आता सुई देतो, एवढं सांगाले किती येळ लागते? म्हैस तपासून राह्यले काय?" डॉक्टर चांगले होते, कामाच्या ओझ्याखाली दबलेले होते, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की सांगितलं की पेशंट आणखी घाबरतो. कुंदाबाईंना हे कारण जगात सगळ्यात जास्त चीड आणायचं. सांगितलं तर घाबरेल, म्हणून सांगू नका. हे कारण त्यांना पुढे पुन्हा ऐकावं लागणार होतं, फार गोड आवाजात.

त्या मूळच्या राजुऱ्याकडच्या. वडील कोळशाच्या भूमिगत खाणीत होते. छताला टेकू द्यायला तेव्हा खाली लाकडी खांब असत. मग लोखंडी आले. नवे खांब मजबूत होते, पण जुनी माणसं लाकडी खांबाजवळच डबा खायला बसत. कुंदाबाई सांगायच्या, "बाबा म्हनत, लाकूड मोडाच्या आंधी कुरकुर करते, मानूस पळते. लोखंड बोलत नाई, एकदम बसते." हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरायचा, मग लगेच चहावाल्याला चहा पातळ दिला म्हणून शिव्या सुरू व्हायच्या.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला. घरून काम सुरू झालं तेव्हा पुण्याहून परत आलो तो इथलाच झालो. माझी आई आणि कुंदाबाई रविवारी विहारात भेटत. एका रविवारी वंदना संपल्यावर त्यांनी मला बाहेर चपलांपाशीच धरलं. "मंगेश, तू कम्प्युटरचा ना? चाल माह्यासंगं." केंद्रातल्या जबान्या तोवर लोखंडी कपाटात असत आणि त्या कपाटाला गावातली कुठलीही चावी लागे. त्यांना अशी सोय हवी होती की जबानी टाइप व्हावी आणि त्यांच्याशिवाय आणि वकिलीणबाईंशिवाय कुणालाही वाचता येऊ नये. कॉम्प्युटर उचलून नेला तरी नाही.

हे काही अवघड नव्हतं. मी एक साधा, फुकटातला टेक्स्ट एडिटर बसवला. जतन केलं की तो मागच्या मागे मजकुराला कुलूप घालायचा, म्हणजे अक्षरांचा असा काला करायचा की चावी असल्याशिवाय त्यातून काही निघू नये. चावी म्हणजे एक लांबलचक परवलीचं वाक्य, ते कुंदाबाईंच्या डोक्यात. मी फुशारकीनं दाखवलं, "बघा, काहीच करायचं नाही. सगळं मागे होतं."

"अन् हे काय लिवलं होतं खाली? आलं न पळालं."

पडद्याच्या अगदी तळाशी एक इंग्रजी ओळ क्षणभर चमकून जात असे. कुलूप घालणारा प्रोग्राम एडिटरला आपली हालहवाल कळवतो, त्यातली ती ओळ. मी म्हटलं, "ते काही नाही, आतलं आहे. वापरणाऱ्यासाठी नसतं."

"काऊन नसते?"

मी समजावून सांगायला लागलो आणि हाताशी काय कारण आहे ते पाहिलं. सगळे तसंच करतात, एवढंच होतं. कुंदाबाई म्हणाल्या, "माह्या फाइलीचं काय झालं ते माह्या समोर लिवते, अन् मले वाचाच्या आंधी पुसून टाकते. तुह्या घरी असा नोकर ठेवशीन काय?"

तर ती ओळ थांबवायची ठरली. मी ती मराठीत केली: 'सांकेतीकरण प्रक्रिया पूर्ण.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे कोनाच्या बापाची भाषा हाय?" मग बराच वेळ भांडून ओळी ठरल्या. काम चालू असताना 'कुलूप लावून राह्यलो.' झालं की हिरव्या पट्टीवर 'कुलूप लागलं.' आणि काही बिघडलं तर लाल पट्टीवर, मोठ्या अक्षरांत, 'कुलूप लागलं नाई. उठू नका.' तो शेवटचा 'उठू नका' मला फार आगाऊ वाटला. कुठलंही सॉफ्टवेअर माणसाला असा हुकूम करत नाही. कुंदाबाईंनी तो काढू दिला नाही.

त्यावरून त्यांनी केंद्रात एक रीतच पाडली. मॉनिटर वळवून असा ठेवला की समोर बसलेल्या बाईलाही दिसेल. जबानी संपली की जतन करायचं बटण कुंदाबाई दाबत नसत, ती बाई दाबायची. कुठलं बटण ते वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून त्यावर लाल टिकली चिकटवली होती. "तुमचं कुलूप तुमी लावा," म्हणायच्या. पट्टी हिरवी झाली की ज्यांना वाचता येई त्या वाचायच्या, ज्यांना येत नसे त्यांना कुंदाबाई वाचून दाखवायच्या, आणि मगच दोघी उठायच्या. आयुष्यात ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं अशा बायका, मान वर करून त्या पट्टीकडे बघत थांबलेल्या मी बाहेरच्या बाकावरून पाहिल्या आहेत. काहींना तर 'लावून राह्यलो' वाचून हसू यायचं.

याचा जाचही व्हायचा, हे सांगितलंच पाहिजे. एकदा वीज गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली आणि मशीन पुन्हा चालू झाल्यावर लाल पट्टी आली. माझा फोन लागेना. कुंदाबाई जागच्या हलल्या नाहीत आणि समोरच्या बाईलाही हलू दिलं नाही. तिची एसटी गेली. बाई रडकुंडीला आली, बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका कुरकुरायला लागल्या, चहावाला मध्ये काही बोलायला गेला तर त्याच्यावर "तूच हेर हायेस कोनाचा तरी" असा भलताच आळ आला. तो बिचारा त्यानंतर महिनाभर केंद्रात चहा देत नव्हता. मी पोचलो, कुलूप लागलं, आणि मग त्या बाईला त्यांनी स्वतःच्या स्कूटरवरून गावी सोडलं. दिवस मावळायला आलेला, रस्ता जंगलातला, त्या पट्ट्यात वाघीण पिल्लं घेऊन फिरते आहे हे सगळ्यांना माहीत. ती बाई नंतर सांगत होती की कुंदाबाई पूर्ण रस्ताभर मोठमोठ्यानं बोलत होत्या, "आता वळन आलं, आता हॉर्न वाजवतो."

मग नागपूरच्या मुख्य कार्यालयाला आधुनिक व्हायची हुक्की आली.

सगळ्या केंद्रांसाठी एकच नवी प्रणाली. शिकवायला एक सल्लागार आले, आणि कुंदाबाईंनी मलाही बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज, प्रत्येकाला 'मॅडम'. वाईट माणूस नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढतो. त्यांनी पडदा दाखवला. पांढरा, स्वच्छ, खाली काही नाही. जतन केलं की कोपऱ्यात एक नाजूक बरोबरची खूण उमटायची, 'जतन झालं.'

"कुलूप?" कुंदाबाईंनी विचारलं.

"ते सगळं मागे होतं, मॅडम. तुम्हाला काही बघायची गरज नाही."

"मले गरज हाय."

"मॅडम, आम्ही पाहणी केली. असे तांत्रिक संदेश दिसले की वापरणारे गोंधळतात. विशेषतः ग्रामीण महिला. घाबरतात."

झालं. मी डोळे मिटून घेतले. पण कुंदाबाई ओरडल्या नाहीत, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं. हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या बाया घाबरत नाई साहेब. तिथी हिरवी पट्टी आली की त्यायचा श्वास खाली बसते. कुलूप लागलं तर सांगा. नाई लागलं तर पयले सांगा. दुसरं काई मांगून नाई राह्यली."

"बिघाड झाला तर तो संदेश नागपूरला आमच्याकडे येईल. तुमच्यापर्यंत त्रास येऊच द्यायचा नाही, हाच उद्देश आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी परवाच्यासारख्या. मी तांत्रिक अंगानं तेच सांगून पाहिलं, तर 'स्थानिक मित्रांच्या सूचनांचं स्वागत आहे' असं ऐकायला मिळालं. जुना एडिटर काढून टाकला गेला. कुंदाबाईंनी लेखी विरोध पाठवला, त्याची पोच आली. मग त्या रोज नागपूरला फोन करून विचारू लागल्या, "आज कुलूप लागून राह्यलं काय?" काही दिवस कुणी तरी 'हो मॅडम' म्हणायचं. पुढे फोन उचलणं बंद झालं. त्यांना वेडी म्हातारी ठरवून सगळे मोकळे झाले.

त्याच पावसाळ्यात सुनंदा आली. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. नवरा सूरजागडच्या खाणीकडे खनिजाच्या ट्रकवर, महिना महिना घरी नाही. घरात भासरा, म्हणजे मोठा दीर, आणि गावात त्याचा दरारा. त्याच्याविरुद्ध तिची जबानी होती. तिची लहान मुलगी, छकुली, त्याच घरात होती, आणि सगळं त्यावरच अडलं होतं. मुलीला घेऊन सुनंदा माहेरी पोचेपर्यंत जबानीतलं अक्षरही त्या घरात जायला नको होतं. तिनं विचारलं होतं, "बाई, कोनाले मालूम तर नाई होनार?" कुंदाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात बरोबरची खूण होती. त्यांनी पुन्हा नागपूरला फोन लावला, सुनंदासमोरच. कुणी तरी उचलला आणि म्हणालं, मॅडम, सगळं व्यवस्थित सुरू आहे. मग त्या सुनंदाला म्हणाल्या, "नाई होनार."

पुढच्याच आठवड्यात भासऱ्यानं भर अंगणात सुनंदाला तिचीच वाक्यं ऐकवली. शब्दाला शब्द. मुलीला आत ओढलं, सुनंदाला बाहेर काढलं आणि दार लावलं.

कुंदाबाई पहिल्यांदा माझ्याच घरी आल्या. शूज न काढता. "तू वाचलं काय? खरं सांग, तू कोनाले देल्लं?" माझी आई हातात कणकेचा गोळा घेऊन बघत राहिली. मी भांडलो नाही. लॅपटॉप उघडला, त्यांच्याकडून फाइलीचं नाव आणि पासवर्ड विचारून संस्थेच्या सामाईक फोल्डरमधली ती फाइल नुसती दाबली. ती उघडली. चावी विचारलीच नाही. पहिल्या ओळीतच सुनंदाचं नाव आणि गाव सरळ मराठीत वाचता येत होतं. मी पटकन बंद केली. दुसरी दाबली. तीही उघडी. पावसाळा सुरू झाल्यापासूनची एकही फाइल बंद नव्हती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. नव्या प्रणालीतल्या कुलपाच्या चावीला मुदत होती, ती संपली होती. कुलूप घालणारा प्रोग्राम रोज, प्रत्येक फाइलीमागे इमानदारीनं ओरडत होता, की मला जमत नाही, मला जमत नाही. ते ओरडणं नागपूरला एका फाइलीत जमा होत होतं आणि ती फाइल कुणीही उघडत नव्हतं. आणि काम अडू नये म्हणून प्रणाली काय करत होती, तर कुलपाशिवायच जतन करून ती गोड खूण दाखवत होती. तेवढं खोटंही नव्हतं ते, जतन तर झालंच होतं. महिन्याचे अहवाल भरण्यासाठी तेच फोल्डर तालुक्यातल्या बाकी कर्मचाऱ्यांना खुलं होतं. त्यातला एक सुनंदाच्या सासरच्या गावचा. त्यानं फोनवर फोटो काढले आणि गावभर फिरवले.

माझं ऐकून कुंदाबाई ओट्यावर बसल्या. मला वाटलं माफी मागतील. म्हणाल्या, "म्हंजे लाल पट्टी असती तर पयल्याच दिवशी मालूम झालं असतं."

"पहिल्याच फाइलीला."

"अन् मी त्या पोरीले सांगितलं, नाई होनार म्हून." आणि मग त्यांनी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या मी कुणालाही दिलेल्या ऐकल्या नाहीत.

नागपूरची बैठक ऑनलाइन झाली. कुंदाबाईंच्या शेजारी मीही होतो. सल्लागारांनी खेद व्यक्त केला, त्रुटी दूर झाल्याचं सांगितलं. संस्थेच्या साहेबांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. ज्यांच्या जबान्या उघड्या राहिल्या त्या बायकांना कळवायचं का, हा प्रश्न कुंदाबाईंनी विचारला. मग साहेब म्हणाले, "उगाच घबराट होईल, कुंदाताई. बहुतेकांच्या बाबतीत काही झालेलंच नाही. आपण मागच्या मागे दुरुस्त केलं आहे."

त्यावर त्या काय बोलल्या त्यातलं छापण्यासारखं एवढंच: "चुकलं ते बी मांगच्या मांगंच काय? बाईचं घर मोडलं अन् तुमी तिले मालूम नाई होऊ देनार? मी जातो. एकेकीच्या दारात जातो. तुमाले काढाचं असन तर काढा मले." त्यांना काढलं. शिस्तभंगाचं पत्र आलं तेव्हा त्या घरी नव्हत्याच, स्कूटर घेऊन गावोगाव फिरत होत्या.

सल्लागारांचं पुढे काय झालं? काही नाही. प्रगती झाली. माझा राग कुठे ठेवू ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कुंदाबाई प्रत्येकीकडे गेल्या. बाईला एकटीला गाठायचं, सांगायचं की तुझी जबानी उघडी राहिली, अमुक इतक्या लोकांना दिसू शकली, चूक आमची. काही जणी रडल्या. एकीनं दार आपटलं. एकीनं कुंदाबाईंच्या अंगावर शेणाचं पाणी फेकलं, त्या तशाच भिजल्या साडीनं पुढच्या गावाला गेल्या. "फेकलंच पायजे होतं," म्हणाल्या. सुनंदाकडे जाताना मात्र त्यांनी मला बरोबर घेतलं. तिच्या फाइलीला मी पुन्हा जुन्या पद्धतीनं कुलूप घातलं होतं, ते तिला दाखवायचं होतं.

सुनंदा माहेरी होती. मातीचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, काट्याकुट्यांचं कुंपण. तिचा भाऊ आम्हाला आत येऊ द्यायला तयार नव्हता. "तुमच्याच पायी झालं हे," तो म्हणाला. कुंदाबाई म्हणाल्या, "हो. माह्याच पायी झालं." आणि अंगणात उभ्या राहिल्या. तो गोंधळला आणि बाजूला झाला.

सुनंदा बाजेवर बसली होती. कुंदाबाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. चावीची मुदत, नागपूर, फोल्डर, तो फोटो काढणारा. "मी तुले नाई होनार म्हनलं होतं. मले मालूम नव्हतं, तरी म्हनलं." सुनंदा ऐकत होती. छकुलीपासून तुटून तिला तेव्हा महिना होत आला होता.

मी बाहेर थांबतो म्हणून वळलो, तर ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुमी बी वाचलंच असन."

मी म्हटलं, "नाही वाचलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला की नाही, मला आजही माहीत नाही.

मग ती कुंदाबाईंना म्हणाली, "अख्ख्या गावानं वाचलं. भासऱ्यानं वाचलं, जावेनं वाचलं, पानठेल्यावर वाचलं. मीच नाई वाचलं. मले वाचून दाखवा."

कुंदाबाईंनी परवलीचं वाक्य टाइप केलं. फाइल उघडली. त्या बाजेवर तिच्या शेजारी बसल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचू लागल्या. तिच्याच कानात पडेल इतक्या हळू. एका ठिकाणी सुनंदानं हात वर केला.

"इथी 'ढकललं' हाय ना? ढकललं नाई त्यानं. मी तवा लाजून तसं म्हनलं. आता काय लपवाचं? काय केलं थे लिवा."

तिनं सांगितलं. कुंदाबाईंनी टाइप केलं. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. "त्याचं नाव बी पूरं लिवा," सुनंदा म्हणाली. "बापाच्या नावासगट. अन् मले माही पोरगी पायजे, थे सगळ्यायच्या वरते लिवा." (त्याच जबानीवर पुढे कोर्टानं मुलगी आईला दिली. तोवर कुंदाबाई राजुऱ्याला भावाकडे निघून गेल्या होत्या. माझी त्यांची भेट या अंगणानंतर झाली नाही.)

एव्हाना कुंपणापलीकडे शेजारच्या बायका जमल्या होत्या. कुणी कोंबड्या हाकलायच्या निमित्तानं, कुणी उगाच. भाऊ त्यांना हुसकायला निघाला. लिहून झालं होतं. कुंदाबाईंनी चष्मा वर सारला आणि विचारलं, "आता पूरं वाचून दाखवतो. आत जाऊन बसाचं काय?"

सुनंदानं कुंपणाकडे पाहिलं. पदर नीट केला.

"इथीच वाचा, बाई," ती म्हणाली. "अन् जोऱ्यानं वाचा. यायले अर्धंच मालूम हाय."

फाटकापर्यंत ऐकू जाणारा तो आवाज, पण कुंदाबाईंनी आधी लॅपटॉप बाजूला ठेवला. त्यांनी पाणी मागितलं. सुनंदानंच उठून आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या उभ्या राहिल्या, लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला आणि वाचायला लागल्या.